खिशातल्या संगणकाची घरची भाषा

संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरपर्यंत पोचण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात संपूर्ण मजकूर आधी कंपायलर नावाच्या साधनातून काढून प्रोसेसरला थेट समजणाऱ्या यंत्रभाषेत उतरवला जातो, आणि लहान यंत्रांच्या बाबतीत हे काम बहुधा दुसऱ्या, मोठ्या संगणकावर होते. दुसऱ्या मार्गात इंटरप्रिटर, म्हणजे एक प्रकारचा दुभाषा, यंत्रातच मुक्कामाला असतो आणि लिहिलेला मजकूर तो तिथल्या तिथे वाचून अमलात आणतो. या दुसऱ्या मार्गाने चालणाऱ्या, शिकायला सोप्या आणि किरकोळ कामे चटकन उरकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भाषांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणण्याचा प्रघात आहे. ही व्याख्या काटेकोर नाही, कारण यांपैकी बहुतेक भाषा मजकुराचे आधी एका मधल्या, आटोपशीर संकेतरूपात रूपांतर करतात आणि मग ते संकेतरूप दुभाष्याच्या हाती देतात. तथापि वापरणाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक एवढाच, की ज्या यंत्रावर प्रोग्रॅम चालायचा त्याच यंत्रावर तो लिहिता येतो की नाही.

टेबलावरच्या संगणकाला हा प्रश्न फारसा पडला नाही. १९८० च्या दशकातील घरगुती संगणक सुरू केला की बहुतेक वेळा पडद्यावर बेसिक भाषाच हजर असे. खिशात मावणाऱ्या संगणकांचा इतिहास मात्र याच प्रश्नाभोवती फिरतो. त्या यंत्रांवर भाषा बसवताना मेमरी अपुरी पडली, कळफलक तोकडा पडला, आणि या दोन्ही अडचणींतून कारागिरीने वाट काढता आली. शेवटी आडवी आली ती परवानगी, आणि तिच्यावर कारागिरीचा उपाय चालला नाही. म्हणूनच १९८४ ते २०१० या पाव शतकाकडे पाहताना एखादी भाषा किती वेगाने चालत होती यापेक्षा ती त्या यंत्राच्या घरची होती की बाहेरून आलेली पाहुणी, हे तपासणे अधिक उद्बोधक ठरते.

घरच्या भाषेचे सर्वांत ठळक उदाहरण सायऑन या ब्रिटिश कंपनीच्या यंत्रांत सापडते. भौतिकशास्त्राचे अध्यापक असलेल्या डेव्हिड पॉटर यांनी १९८० साली लंडनमध्ये ही कंपनी काढली, आणि सुरुवातीची काही वर्षे ती सिंक्लेअर कंपनीच्या घरगुती संगणकांसाठी खेळ आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर तयार करत होती. १९८४ साली तिने ‘ऑर्गनायझर’ नावाचे स्वतःचे यंत्र बाजारात आणले. त्यात हिताची बनावटीचा आठ बिटांचा प्रोसेसर, कायमच्या मजकुरासाठी ४ किलोबाइट रॉम, कामापुरत्या मजकुरासाठी २ किलोबाइट रॅम आणि सोळा अक्षरांची एकच ओळ दाखवणारा पडदा होता. एका किलोबाइटात १,०२४ रोमन अक्षरे मावतात, हे लक्षात घेतले म्हणजे या यंत्राची कामाची मेमरी छापील पानाच्या आसपासच होती, हे कळते. या पहिल्या यंत्राच्या पोटात प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हती. शास्त्र, गणित, अर्थव्यवहार अशा विषयांचे जे पॅक, म्हणजे खाचेत बसवायच्या लहान डब्या, कंपनी वेगळ्या विकत असे, त्यांत ‘पॉपल’ नावाची एक अगदी प्राथमिक भाषा मिळे, आणि डबी बसवल्यावर ती यंत्रात येई. थोडक्यात, पहिल्या खेपेला सायऑनच्या यंत्रावरही भाषा पाहुणीच होती.

दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, आलेल्या ‘ऑर्गनायझर टू’ मध्ये हे चित्र पालटले. सुमारे अडीचशे ग्रॅम वजनाच्या, पुढचे झाकण खाली सरकवले की कळा उघड्या पडणाऱ्या या यंत्रात रॉम ३२ किलोबाइटांची झाली आणि ओपीएल ही पूर्ण भाषा तिच्यातच कोरलेली आली. पडदा दोन ओळींचा होता, साध्या मॉडेलची रॅम ८ किलोबाइट होती आणि प्रोसेसरचा ठोका सेकंदाला दहा लाखांपेक्षाही थोडा कमीच पडत होता. कळा छत्तीस होत्या आणि त्या टंकलेखन यंत्राप्रमाणे न लावता ए, बी, सी अशा वर्णमालेच्या क्रमाने लावल्या होत्या, कारण हे यंत्र ज्यांच्या हाती जायचे होते ते गुदामातले मोजणीदार आणि फिरते विक्रेते टंकलेखन शिकलेले असतीलच, असे गृहीत धरता येत नव्हते. टंकलेखन येणाऱ्यांना ही मांडणी सदैव खटकली. अंगठ्याने कळ शोधणाऱ्यांना मात्र तिचा त्रास झाला नसावा.

या यंत्रावर प्रोग्रॅम लिहिण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. यंत्र सुरू केल्यावर मुख्य मेनूत शोधा, साठवा, डायरी, हिशेब या पर्यायांच्या रांगेतच ‘प्रोग’ हा पर्याय असे. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे हे डायरी लिहिण्याइतकेच रोजचे काम मानले होते. तो पर्याय निवडून नव्या प्रोसिजरला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र तुकड्याला, नाव दिले की ते नाव पहिल्या ओळीवर येई आणि त्यापुढे मराठी वाचकाला विसर्गासारखा दिसणारा कोलन लागे. मग त्या तुकड्यापुरती लागणारी नावे ‘लोकल’ या शब्दाने जाहीर करायची. संख्या पूर्णांकी असेल तर नावापुढे टक्क्याची खूण, अक्षरे असतील तर डॉलरची खूण आणि कंसात जास्तीत जास्त किती अक्षरे येतील तो आकडा. हा आकडा आधीच सांगावा लागे, कारण मेमरीची वाटणी प्रोग्रॅम सुरू होतानाच होत असे आणि मागाहून जागा वाढवून मागण्याची सोय नव्हती. किंमत विचारून तिच्यावरची सूट काढून दाखवणारा प्रोग्रॅम पाच-सहा ओळींत होई, पण नवशिक्याचा पहिला असा प्रोग्रॅम बहुधा फसे: उत्तर पडद्यावर उमटताक्षणी प्रोसिजर संपे, मेनू परत येई आणि उत्तर वाचायच्या आत पुसले जाई. शेवटी ‘गेट’ ही आज्ञा लिहून एखादी कळ दाबेपर्यंत यंत्राला थांबवून ठेवायचे, हा धडा ऑर्गनायझरवर प्रत्येकाला पहिल्याच दिवशी मिळाला असणार.

लिहून झाल्यावर ‘मोड’ नावाची कळ दाबली की ‘ट्रॅन’ हा पर्याय येई. ट्रॅन म्हणजे रूपांतर: यंत्र तो मजकूर तपासून क्यू-कोड नावाच्या संकेतरूपात उतरवी, चूक असेल तर जिथे अडले तिथेच कर्सर नेऊन ठेवी, आणि चूक नसेल तर मजकूर व संकेतरूप दोन्ही साठवून घेई. जागेची टंचाई असलेल्या जुन्या वापरकर्त्यांनी मूळ मजकूर काढून टाकून केवळ संकेतरूप ठेवण्याची सवय लावून घेतली होती. तसे केले की प्रोग्रॅम चालायचा, पण पुन्हा दुरुस्त करता यायचा नाही. ओपीएलला स्क्रिप्टिंग भाषा म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. पण पायथनसारखी आजची मान्यताप्राप्त स्क्रिप्टिंग भाषा आतून नेमके हेच करते, म्हणून त्या वादात फारसा अर्थ नाही. शिवाय ओपीएलचा खरा जोर गणितापेक्षा नोंदी ठेवण्यावर होता. फाइल उघडणे, नोंद जोडणे, शब्द देऊन नोंद शोधणे, पुढच्या नोंदीवर जाणे या गोष्टींसाठी तिच्यात एकेका शब्दाच्या आज्ञा होत्या, आणि सायऑनने त्याआधी सिंक्लेअर क्यूएल या संगणकासाठी केलेल्या ‘आर्काइव्ह’ या माहितीसाठ्याच्या सॉफ्टवेअरशी तिचे साम्य सहज दिसते.

साठवणुकीची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. यंत्राची स्वतःची रॅम ‘ए’ या नावाने ओळखली जाई आणि पाठीमागच्या दोन खाचा ‘बी’ व ‘सी’ या नावांनी. खाचांत बसणारे डेटापॅक ईप्रॉम जातीच्या चिपांचे होते. या चिपेवर विजेच्या जादा दाबाने एकदा लिहिले की बॅटरी काढली तरी मजकूर टिकतो. मात्र लिहिणे म्हणजे एकाचा शून्य करणे एवढेच असते, आणि शून्याचा पुन्हा एक करायचा तर संपूर्ण चिप अतिनील प्रकाशाखाली धरून कोरी करावी लागते. परिणामी डेटापॅकवरची नोंद खरोखर कधी पुसली जातच नसे. ‘पुसा’ म्हटले की यंत्र त्या नोंदीच्या माथ्यावरचा एक बिट शून्य करून टाकी, आणि पुढच्या वेळी ती नोंद वगळून पुढे जाई. नोंद दिसेनाशी झाली तरी तिने व्यापलेली जागा अडूनच राही. ज्याने पॅकवर ठेवलेला प्रोग्रॅम दहा वेळा दुरुस्त केला त्याच्या पॅकमध्ये दहा आवृत्त्यांचा गाळ साचे, आणि सोळा किलोबाइटांचा पॅक काही संध्याकाळींत भरून जाई. म्हणून मुरलेले लोक प्रोग्रॅम आधी ‘ए’ वर जुळवत, पक्का झाल्यावरच ‘बी’ वर उतरवत, आणि भरलेले पॅक अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवून कोरे करत. पाटीवर मोजून मगच वहीत उतरवणाऱ्या जुन्या कारकुनाची शिस्त या यंत्राने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लावली, असे म्हणता येईल. कंपनीने पुढे रॅमचे पॅकही काढले, पण ते महाग होते.

लिहिलेल्या प्रोग्रॅमचे नाव मुख्य मेनूत घालण्याची सोय होती, आणि ओपीएलच्या प्रसारात या बारीकशा सोयीचा वाटा फार मोठा आहे. एखाद्या कंपनीने आपल्या मालमोजणीचा प्रोग्रॅम लिहून घेतला की तो पॅकवर घालून, मेनूत त्याचे नाव चढवून यंत्र कामगाराच्या हाती द्यायचे. त्याला ओपीएल हे नावही ठाऊक असण्याची गरज नसे. दुकाने, कारखाने आणि विमा विक्रेते यांच्याकडे हे यंत्र गेले ते डायरी म्हणून नव्हे, तर असे एकेका कामासाठी घडवलेले अवजार म्हणून.

या यंत्राच्या पडद्याचे एक वैशिष्ट्य देवनागरीच्या दृष्टीने सांगण्याजोगे आहे. प्रत्येक अक्षराची चौकट आडवे पाच आणि उभे आठ ठिपके एवढी होती, आणि वापरणाऱ्याला स्वतः ठिपके मांडून घडवता येतील अशा चिन्हांना आठच जागा होत्या. देवनागरी अंक दहा. त्यांतले शून्य रोमन लिपीकडून उसने घेतले तरी नऊ उरतात. म्हणजे मराठीत केवळ भावाचा आकडा दाखवायचा म्हटले तरी या यंत्रात एका अंकाची जागा कमी पडली असती, मग जोडाक्षरे आणि वेलांट्या यांची गोष्टच दूर.

पुढची दहा वर्षे ओपीएल यंत्राबरोबर वाढत गेली. १९९१ च्या ‘सिरीज थ्री’ मध्ये शिंपल्यासारखे उघडणारे कवच, टंकलेखनाच्या क्रमाचा कळफलक आणि चित्रे दाखवू शकणारा पडदा आला, तशा ओपीएलमध्ये खिडक्या, मेनू आणि संवादचौकटी उघडण्याच्या आज्ञा आल्या. १९९३ च्या ‘थ्री-ए’ मध्ये पडदा ४८० बाय १६० ठिपक्यांचा झाला. १९९७ च्या ‘सिरीज फाइव्ह’ मध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर आणि ईपॉक ही नवी कार्यप्रणाली आली. आगगाडीतून जाताना मांडीवर यंत्र ठेवून प्रोग्रॅम लिहावा आणि उतरण्यापूर्वी तो चालवून पाहावा, हे या यंत्रांवर सहज शक्य होते. २४ जून १९९८ रोजी सायऑन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिंबियन ही कंपनी स्थापली, ईपॉक तिच्या हवाली झाली आणि तीच प्रणाली मोबाइल फोनांत गेली. फोन बनवणाऱ्यांना मात्र ओपीएल यंत्रात कोरून देण्याची निकड वाटली नाही. २००१ मध्ये सायऑनने सामान्य ग्राहकांसाठी नवी खिशातली यंत्रे काढणे थांबवले, २००३ मध्ये सिंबियनने ओपीएलचा मूळ कोड खुला केला, आणि जी भाषा पंधरा वर्षे घरची होती ती आता फोनवर वेगळी आणून बसवावी लागू लागली.

अमेरिकेतील यंत्रांवर भाषा पहिल्यापासूनच उंबऱ्याबाहेर होती. ॲपलच्या १९९३ च्या न्यूटनसाठी न्यूटनस्क्रिप्ट नावाची अतिशय डौलदार भाषा घडवली गेली, पण तिच्यात लिहिण्याचे साधन मॅकिंटॉश संगणकावर चालत होते. न्यूटन हाती असलेल्याला ती भाषा न्यूटनवर भेटत नव्हती. १९९६ च्या पाम पायलटची वाट याहून वेगळी, आणि थोडी गमतीची, आहे. १२८ किलोबाइट मेमरीचे हे यंत्र मोठ्या संगणकाचे शेपूट म्हणून कल्पिले होते: पाळण्यात ठेवून कळ दाबली की दोन्हीकडची माहिती जुळवली जाई. त्यात फाइल ही कल्पनाच नव्हती. सगळे काही लहान लहान नोंदींच्या संचांत राही, आणि चालू प्रोग्रॅमला वाट्टेल तशी वापरायला मिळणारी मेमरी आरंभीच्या मॉडेलांत तीसेक किलोबाइटांच्या आसपास होती. तरीही लोकांनी त्यावर बेसिक, लिस्प, फोर्थ, लुआ यांच्या आवृत्त्या बसवल्या. फाइल नसेल तर मजकूर ठेवायचा कुठे, या प्रश्नाला त्यांनी काढलेले उत्तर म्हणजे यंत्रातली चिठ्ठ्यांची वही. पॉकेटसी नावाची भाषा त्या वहीतल्या चिठ्ठ्या चाळी आणि ज्या चिठ्ठीची पहिली ओळ दोन तिरप्या रेघांनी सुरू होते तिला प्रोग्रॅम समजे. किराण्याची यादी आणि प्रोग्रॅम असे एकाच वहीत नांदत. चिठ्ठी चार हजारांच्या आसपास अक्षरांत संपवावी लागे, म्हणून मोठा प्रोग्रॅम अनेक चिठ्ठ्यांत विभागला जाई. अक्षरे ग्राफिटी नावाच्या एकटाकी लिपीत लेखणीने काढायची, आणि विरामचिन्हासाठी आधी एक ठिपका टेकवायचा. ज्या लेखनात दर दोन शब्दांमागे एक कंस येतो त्या लेखनाला ही पद्धत किती जाचक झाली असेल, हे सांगायला नको. २००० च्या सुमारास ‘पिप्पी’ या नावाने पायथनची १.५.२ ही आवृत्ती काटछाट करून पामवर उतरवली गेली. ती चालली, पण ती कौतुकाचीच गोष्ट राहिली.

याच सुमारास बंगळूरमध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील काही शास्त्रज्ञ आणि एन्कोर ही सॉफ्टवेअर कंपनी यांच्या सिंप्युटर ट्रस्टने साधा, स्वस्त आणि बहुभाषिक असा हातातला संगणक घडवला. २००१ मध्ये त्याचा नमुना जाहीर झाला आणि २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने तो भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने बाजारात आला. तो लिनक्सवर चालत होता आणि त्याच्यासाठी आयएमएल नावाची खास भाषा रचली होती. मात्र ती प्रोग्रॅमची भाषा नसून पडद्यावर काय दिसावे व काय वाचून दाखवावे हे सांगणारी खुणांची भाषा होती, त्यामुळे या इतिहासात तिची जागा कडेला आहे. ग्राहकाने काय पाहावे याचा विचार तिच्यात पुष्कळ होता. ग्राहकाने काय लिहावे याचा नव्हता.

पाहुण्या भाषेची सर्वांत समृद्ध कहाणी नोकियाच्या फोनांवर घडली. ‘सिरीज ६०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सिंबियनवर चालणाऱ्या या फोनांपैकी २००३ चा ६६०० हा भारतातही चांगलाच परिचयाचा होता: १७६ बाय २०८ ठिपक्यांचा रंगीत पडदा, १०४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, कॅमेरा, ब्लूटूथ आणि आत सहा मेगाबाइट साठवण. नोकियाच्या संशोधन विभागाने या फोनांसाठी पायथनची २.२.२ ही आवृत्ती बेतून २००४ च्या अखेरीस आपल्या विकासकांपुढे ठेवली, आणि २००६ च्या जानेवारीत तिचा कोड खुला केला. बेतण्याचे काम वरकरणी दिसते तितके सोपे नव्हते. त्या काळच्या सिंबियनमध्ये अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायच्या सामायिक कोडात बदलती माहिती ठेवायला मज्जाव होता, कारण मेमरी वाचावी म्हणून तो कोड एकदाच चढवून सर्वांना वापरू दिला जाई. पायथनच्या दुभाष्यात तर अशी बदलती माहिती जागोजाग विखुरलेली होती. ती सगळी वेचून प्रत्येक थ्रेडच्या, म्हणजे चालू कामाच्या प्रत्येक प्रवाहाच्या, स्वतंत्र साठ्यात हलवावी लागली.

बसवणाऱ्याच्या वाट्याला यातले काही येत नसे. त्याला ‘सिस’ या प्रकारची एक फाइल संगणकावर उतरवून ती ब्लूटूथने फोनकडे पाठवायची असे. फाइल फोनच्या इनबॉक्समध्ये एखाद्या निरोपासारखी येऊन पडे; ती उघडली की फोन दोन-तीन शंका विचारी, फोनच्या मेमरीत ठेवू की कार्डावर, हे विचारी, आणि मेनूत पायथनचे चित्र उमटे. त्यानंतर लिहिलेली स्क्रिप्टही याच वाटेने येई, आणि इनबॉक्समध्ये उघडल्यावर ती चालवायची स्क्रिप्ट म्हणून ठेवायची की इतर स्क्रिप्टांनी वापरायचे मॉड्यूल म्हणून, असा प्रश्न फोन विचारी. फोनवरच लिहायचे असेल तर पायथनच्या मेनूत थेट संवादाचा पर्याय होता, मात्र तिथे बारा कळांचा कळफलक आडवा येई. ‘प्रिंट’ हा रोमन पाच अक्षरांचा शब्द घ्यायचा तर सातची कळ एकदा, मग थोडे थांबून तीच कळ तीनदा, चारची तीनदा, सहाची दोनदा आणि आठची एकदा, अशा दहा दाबांनी तो पुरा होई. पायथनमध्ये तर कंसांऐवजी ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेला अर्थ असतो, तेव्हा तेवढ्या वेळा शून्याची कळ दाबणेही ओघानेच आले. यावरचा उतारा ‘ब्लूटूथ कन्सोल’ हा होता. फोन ब्लूटूथने संगणकाशी जोडायचा, ओळी संगणकाच्या कळफलकावर लिहायच्या आणि त्या अमलात यायच्या फोनवर. संगणकावर एक ओळ लिहून एंटर दाबावे आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या फोनने छायाचित्र काढावे, हे दृश्य त्या काळच्या विद्यार्थ्यांना जादूसारखे वाटले असल्यास नवल नाही.

या पायथनचे मोठेपण तिच्या मॉड्यूलांत, म्हणजे तयार कार्यसंचांत, होते. संदेश पाठवणे, आलेले संदेश वाचणे, कॅमेरा, आवाज मुद्रित करणे, संपर्कांची यादी, फोन जोडलेला आहे त्या मनोऱ्याचा क्रमांक या साऱ्या गोष्टी एकेका ओळीत हाती येत. सी प्लस प्लस भाषेत ज्या कामाला आठवडा लागे ते पायथनमध्ये एका दुपारी होई, आणि ही अतिशयोक्ती नव्हे, कारण सिंबियनवरचे सी प्लस प्लस हे त्या भाषेच्या जाणकारांनाही स्वतंत्रपणे शिकावे लागे इतके आडवळणाचे होते. पायथनच्या सोपेपणालाही एक काटा होताच: पडद्यावर दाखवायच्या प्रत्येक मजकुराआधी तो युनिकोड असल्याची खूण म्हणून ‘यू’ हे अक्षर लिहावे लागे, आणि ते विसरले की स्क्रिप्ट अडे. हेलसिंकीच्या कला आणि अभिकल्प विद्यापीठात युर्गेन शायब्ले यांनी ही भाषा कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवली, आणि विले टुलोस यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘मोबाइल पायथन’ हे पुस्तक २००७ मध्ये निघाले. प्रोग्रॅमिंगची पार्श्वभूमी नसलेल्या चित्रकारांसाठी आणि अभिकल्पकांसाठी फोनवरच्या प्रोग्रॅमिंगचे पुस्तक निघावे, यातच या पाहुणीने घरात किती जम बसवला होता ते दिसते.

घराचे दार मात्र त्याआधीच लागू लागले होते. जून २००४ मध्ये ‘काबीर’ नावाचा किडा ब्लूटूथवरून एका सिरीज ६० फोनातून दुसऱ्यात पसरताना आढळला. तोही सिस फाइलीच्याच रूपाने इनबॉक्समध्ये येई आणि फोनच्या मालकाने होकार दिला तरच बसे, पण होकार देणारे पुष्कळ निघाले. त्यानंतर आलेल्या सिंबियनच्या नवव्या आवृत्तीत, म्हणजे २००६ पासून बाजारात आलेल्या फोनांत, प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या ‘केपेबिलिटी’, म्हणजे अधिकार, मोजून दिले जाऊ लागले. नेटवर्क वापरणे किंवा संपर्कांची यादी वाचणे असे काही अधिकार मालकाच्या संमतीने मिळत. त्यापुढच्या अधिकारांसाठी प्रोग्रॅमवर सिंबियनच्या व्यवस्थेची डिजिटल सही लागे, आणि सर्वांत आतले अधिकार फोन बनवणाऱ्याच्याच हाती राहिले. स्क्रिप्टिंग भाषेची यात खास कोंडी झाली. स्क्रिप्टला स्वतःचे अधिकार नसतात. जो दुभाषा तिला चालवतो त्याचे अधिकार तेच तिचे. दुभाष्याला सगळे अधिकार द्यावेत, तर इनबॉक्समध्ये येऊन पडलेली कोणतीही स्क्रिप्ट सर्वाधिकारी होते. न द्यावेत, तर मनोऱ्याचा क्रमांक विचारणारी निरुपद्रवी स्क्रिप्टही मुकी होते. नोकियाने दुसरा मार्ग धरला, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तिची चूक काढता येत नाही. मात्र त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांत किडे लिहिणारे फार थोडे होते.

ज्याला जास्त अधिकार हवे असत त्याने विकासकाचे प्रमाणपत्र मिळवायचे, ते प्रमाणपत्र त्याच्या फोनच्या आयएमईआय क्रमांकाशी, म्हणजे त्या एकाच फोनशी, बांधलेले असायचे, आणि त्याने दुभाष्यावर स्वतः सही करून तो पुन्हा बसवायचा, असा क्रम होता. स्वतःच्या फोनवर स्वतः लिहिलेली दहा ओळींची स्क्रिप्ट चालवण्यासाठी स्वतःच्या फोनचा क्रमांक परक्या कार्यालयात नोंदवायचा, ही कल्पना ऑर्गनायझरच्या काळातील माणसाला समजावून सांगणे कठीण गेले असते. प्रमाणपत्रांना मुदत असे आणि ती उलटली की फाइल बसत नसे. त्यावर लोकांनी काढलेली तोड मात्र अस्सल देशी वळणाची वाटावी अशी होती: फोनचे कॅलेंडर मागच्या वर्षात न्यायचे, फाइल बसवायची आणि तारीख पूर्ववत करायची.

पुढे सगळ्याच घरांनी हीच रीत उचलली. ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले तेव्हा विकासकांशी केलेल्या करारातच, बाहेरून कोड आणून इंटरप्रिटरने चालवायला मनाई होती. २०१० च्या एप्रिलमध्ये हा नियम आणखी कडक झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थोडा सैल करण्यात आला. अँड्रॉइडवर २००९ मध्ये पायथन, लुआ, पर्ल अशा भाषा बसवण्याचा एक खुला प्रकल्प निघाला, पण त्या फोनांवरही भाषा आली ती बाहेरूनच. नोकियाच्या पायथनची २.० ही आवृत्ती २०१० मध्ये निघाली. त्यानंतर वर्षभरातच, ११ फेब्रुवारी २०११ रोजी, नोकियाने आपले स्मार्टफोन विंडोजवर नेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि १ जानेवारी २०१४ पासून सिंबियनसाठीचे नवे किंवा सुधारलेले सॉफ्टवेअर आपल्या दुकानात घेणे थांबवले. १९८६ च्या ऑर्गनायझरला परवानगी देणारे दुकानही नव्हते आणि ती बंद करणारेही नव्हते. चालू स्थितीतल्या त्या यंत्रात नऊ व्होल्टची साधी बॅटरी घातली, की मेनूत डायरीच्या रांगेत ‘प्रोग’ आजही दिसतो.